क्लाउनची जुनी जोडी अचानक भांडतेय: वेगळं कधी करायचं आणि कुणाला?

शिंपला

टँक ९० × ३५ × ४० सेंमी, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १०५ लिटर. पाणी खारं. त्यात ऑसिलॅरिस जातीच्या क्लाउन माशांची जोडी. मोठा साडेसहा सेंमी, छोटा पाचच्या आसपास. आठ महिने एकत्र आहेत, आतापर्यंत तक्रार नव्हती. रात्री दोघं एकाच कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात झोपायचे.

तीन आठवड्यांपूर्वी क्लाउन ज्यात राहतो तो दगडाला चिकटणारा प्राणी, बबल टिप अ‍ॅनिमोन टाकला, त्याला जागा करताना डावीकडचे दगड हलवले. चौथ्या दिवशी मोठ्याने अ‍ॅनिमोनचा ताबा घेतला. गेले दहा दिवस तो छोट्याला तिकडे फिरकू देत नाही. नुसता पाठलाग नाही, शेपटीला आणि पोटाखालच्या परांना चावे घेतो. छोट्याची शेपटी वरच्या टोकाला दोन ठिकाणी फाटली आहे. तो दिवसभर उजवीकडे हीटरच्या मागे असतो. खाणं टाकलं की येतो, दोन-चार दाणे पकडतो आणि परत जातो.

पाणी: सॅलिनिटी (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १५. सोबतीला एक रॉयल ग्रामा मासा आणि एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), त्यांना कुणी हात लावत नाही.

ही जोडीतली नेहमीची कुरबुर म्हणायची की प्रकरण हाताबाहेर गेलं? वेगळं करायचं तर कुणाला आणि किती दिवस? आणि तिसरा लहान क्लाउन आणला तर मार विभागला जातो असा सल्ला मिळालाय, त्यात काही अर्थ आहे का?

प्रवाळ

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे घाईत काही आणलं जायला नको: तिसरा आणू नका. मार विभागला जात नाही. बहुतेक वेळा जोडी एक होते आणि नव्याला संपवते. एवढ्या टँकमध्ये त्याला पळायला जागाही नाही.

आता मुख्य मुद्दा. मोठ्याचं वागणं तुम्ही बारकाईने लिहिलंय, छोट्याचं अजिबात नाही. निदान मात्र छोट्यावरून होतं. मोठा अंगावर आला की छोटा काय करतो? एका कुशीवर कलून, अंगात आल्यासारखा, दोन-तीन सेकंद थरथरतो का? हे त्याचं नमतं घेणं आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला झटका आला की काय असं वाटतं, पण जोडी टिकण्याची ती सगळ्यात चांगली खूण.

क्लाउन जन्मतः मादी नसतो. जोडीत जो वरचढ ठरतो तो मादी होतो, दुसरा नर राहतो, आणि मादी झालेला मासा परत कधीच नर होत नाही. त्यामुळे मोठ्याचे हल्ले म्हणजे ‘इथे मादी मीच’ हे पुन्हा पुन्हा ठणकावणं, आणि छोट्याची थरथर म्हणजे ‘मान्य’. मान्य म्हटलं की हल्ला तिथे थांबायला हवा. म्हणून पाहायच्या गोष्टी दोनच: छोटा थरथरतो का, आणि थरथरल्यावर मोठा थांबतो का.

थरथरतो आणि मोठा थांबतो: हात लावू नका, फाटलेली शेपटी भरून येईल. थरथरतो पण मोठा थांबत नाही: जोडी मोडलेली नाही, पण जागेचं किंवा अंड्यांचं काही तरी कारण आहे, ते शोधावं लागेल. थरथरतच नाही, उलट समोर उभा राहतो, दोघं जबड्यात जबडा अडकवून फिरतात: मग छोटाही मादी होण्याच्या वाटेवर आहे किंवा झालेला आहे. अशा दोघांना एका काचेत ठेवणं म्हणजे एकाचा जीव घेणं. त्यावर युक्ती नाही, कायमचं वेगळं करायचं.

बघायला बसाल तेव्हा टँकपासून दोन मीटर तरी लांब बसा, किंवा फोन स्टँडवर लावून चित्रीकरण करा. माणूस दिसला की क्लाउन खाण्याच्या आशेने पुढच्या काचेशी येतात, आणि तेवढा वेळ भांडण बंद असतं. पंधरा मिनिटं सकाळी खाण्याआधी आणि पंधरा मिनिटं दिवे मालवण्याच्या तासभर आधी. आकडे मोजून लिहा.

खारटपाणी

प्रवाळ यांना अनुमोदन, पण चित्रीकरण करायच्या आधी एक गोष्ट आजच तपासा. छोट्याच्या अंगावर जे आहे ते चाव्याचंच आहे ना?

चावा कडेला असतो: पराच्या टोकाला चीर, शेपटीचा तुकडा गेलेला, फार तर एखाद्या ठिकाणी खवलं निघालेलं. कडा स्वच्छ असते. ब्रुकलिनेला झाला असेल तर चित्र वेगळं दिसतं: अंगावर पांढुरका, चिकट थर, तो धाग्यांसारखा सुटत असतो, रंग फिका पडतो आणि श्वास धापा टाकल्यासारखा चालतो. हा परजीवी क्लाउनमध्ये इतका आढळतो की त्याला क्लाउनचा रोग असंच म्हणतात, आणि दोन-चार दिवसांत मासा जातो. आजारी मासा कोपऱ्यात जातो, खात नाही, आणि अशक्त दिसला की मोठा त्याला जास्तच झोडतो. बघणाऱ्याला वाटतं मारामुळे आजारी पडला. कधी कधी उलटं असतं.

श्वास तपासायचा सोपा उपाय: कल्ल्यांच्या झडपा अर्ध्या मिनिटात किती वेळा उघडतात ते दोघांचं मोजा. पाठलाग होऊन दहा मिनिटं झाल्यावर मोजा, लगेच नाही. विश्रांतीतही छोट्याचा आकडा मोठ्याच्या दीडपट-दुप्पट येत असेल तर त्याला वेगळ्या इस्पितळ टँकमध्ये हलवायचं. ब्रुकलिनेलावर फॉर्मलिन चालतं, पण ते या टँकमध्ये टाकायचं नाही. अ‍ॅनिमोन आणि श्रिंप दोघंही जातील. तांब्याचं औषधही या टँकमध्ये टाकायचं नाही. फॉर्मलिन हाताळताना हातमोजे आणि उघडी खिडकी हवी, प्रमाण बाटलीवर दिलंय तेच, आणि मासा औषधाच्या पाण्यात असेपर्यंत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात, कारण फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं.

नुसते चावे असतील तर औषध नको. परांच्या काड्या बुडापासून तुटलेल्या नसतील तर स्वच्छ पाण्यात दोन-तीन आठवड्यांत भरतात. बुडाशी लाली किंवा कापसासारखं पांढरं दिसलं तरच पुढचा विचार.

शिंपला

अंगावर पांढरा थर नाही. झडपा मोजल्या, दोघांच्या जवळपास सारख्या.

आज सकाळच्या पंधरा मिनिटांत ११ वेळा पाठलाग. त्यातल्या ८ वेळा छोटा थरथरला, अगदी वर्णन केलंय तसाच, कुशीवर कलून. उजव्या बाजूला असताना थरथरला की मोठा थांबतो आणि वळून अ‍ॅनिमोनकडे जातो. टँकच्या मध्याच्या डावीकडे आला की मात्र थरथरूनही चावा बसतोच.

आणखी एक: मोठा अ‍ॅनिमोनच्या पायाशी असलेल्या सपाट दगडाला सारखा तोंड मारतोय. अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी जागा शेवाळ जाऊन पांढरी दिसायला लागली आहे. हे भुकेने असेल का?

प्रवाळ

भूक नाही. ती दगड घासतेय. आता ‘ती’ म्हणायला हरकत नाही.

अंडी घालायच्या आधी जोडी अ‍ॅनिमोनच्या पायाशी एक कडक, सपाट जागा निवडते आणि तोंडाने साफ करते. या काळात मादी नराला ढोसते, चावते, जागेकडे रेटते, आणि त्याने साथ दिली नाही की चिडते. तुमचा नर अजून साफसफाईला येत नाही, एक तर तो तयार नाही किंवा भीतीने तिकडे जातच नाही. त्यात अ‍ॅनिमोन आल्यापासून तिची हद्द ठरलीय: डावा अर्धा भाग. दगड हलवले तेव्हा दोघांच्या ओळखीच्या खुणा गेल्या, तिने नव्याने नकाशा काढला आणि त्यात नराची जागा राहिली नाही. आठ महिने जमलेली जोडी अचानक का भांडते, याचं इथे तरी एवढंच उत्तर आहे.

आकाराच्या अंतरावरून एक मुद्दा. पापुआ न्यू गिनीतल्या पर्क्युलांवर (ऑसिलॅरिसच्या जवळची क्लाउनची जात) काम करून पीटर बस्टन यांनी २००३ मध्ये दाखवलं की एका अ‍ॅनिमोनमधल्या गटात खालच्या क्रमांकाचा मासा स्वतःची वाढ आवरून धरतो, म्हणजे वरच्याला तो आव्हान वाटत नाही आणि हाकलला जात नाही. तुमच्याकडे साडेसहाला पाच, हे अंतर चांगलं आहे. ते कमी होऊ देऊ नका. नराला कीव येऊन डबल खाणं भरवणारे लोक नकळत हेच करतात.

हद्द तोडायला तीन गोष्टी करा. एक, अ‍ॅनिमोन बसलेला दगड उचलून डाव्या भिंतीच्या जवळ न्या, म्हणजे तिची हद्द टोकाला जाईल आणि मधला भाग मोकळा होईल. अ‍ॅनिमोनचा पाय सोलून काढायचा नाही, दगडासकट हलवा. पाय फाटला तर अ‍ॅनिमोन सडतो आणि इतक्या पाण्यात तो सडला तर सगळंच जातं. दोन, मध्यावर पाण्याच्या निम्म्या उंचीपर्यंत दगडांची आड उभी करा. अ‍ॅनिमोनमध्ये बसून तिला हीटर दिसता कामा नये. दिसतो म्हणून ती तिथून निघते. तीन, खाणं दोन टोकांना एकाच वेळी. पिपेटने आधी तिच्यापुढे, ती गुंतली की लगेच उजवीकडे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

चार-पाच दिवस द्या. मोजणी चालू ठेवा.

खारटपाणी

चार-पाच दिवस देणं मला पटत नाही. शेपटी फाटलीय, मासा हीटरला चिकटून आहे, तिथे भाजलं तर आणखी एक जखम. मी छोट्याला आजच टँकमध्येच टांगायच्या भोकांच्या बॉक्समध्ये टाकेन, भरून आला की सोडेन.

प्रवाळ

हीटरचा मुद्दा बरोबर, जाळीचं कव्हर लावा किंवा हीटर आडवा खाली न्या. पण वेगळं करायचं झालं तर बॉक्समध्ये ती गेली पाहिजे, तो नाही.

तो बॉक्समध्ये असेल तेवढे दिवस सगळा टँक तिचा. आठवड्याने तो बाहेर आला की तिच्या लेखी परका मासा घरात शिरला. ती बॉक्समध्ये असेल तर तो फिरतो, खातो, अ‍ॅनिमोनपर्यंत जातो, कदाचित त्यात झोपतोही. ती बाहेर येते तेव्हा हद्द तिला नव्याने आखावी लागते, आणि तो त्या नकाशात आधीपासून असतो.

अपवाद एकच: छोटा दोन दिवस खात नाही, किंवा पर बुडापर्यंत गेलेत, किंवा डोळ्याला इजा आहे. तेव्हा जीव वाचवायचा असतो, मग नक्कीच आधी तो.

खारटपाणी

खातोय म्हणून मान्य. खाणं थांबलं की मात्र वाट बघू नका.

रात्रपाळी

बॉक्सचं मी लिहितो, कारण गोंधळ तिथेच होतो.

पकडणं: दिवसा जाळी घेऊन मागे लागलात तर दगड कोसळतील, अ‍ॅनिमोन आखडेल आणि मासा हाती येणार नाही. शिवाय कल्ल्यांच्या झडपेचे काटे जाळीत अडकतात. मरून जातीच्या क्लाउनच्या गालावरचा काटा तर हमखास. म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा डबा वापरा. दोन दिवस खाणं त्या डब्याच्या तोंडाशी टाका, डबा आडवा करून पाण्यात ठेवलेला. तिसऱ्या दिवशी ती आत शिरली की उभा करून उचला. पाण्यासकट, हवेत न आणता.

बॉक्स: भोकांचा अ‍ॅक्रिलिक बॉक्स, साधारण २० × १५ × १५ सेंमी. भोकं चार-पाच मिलिमीटरची. त्याहून लहान असली की पाणी फिरत नाही आणि तळाला घाण साचते. सक्शन कपवर भरवसा ठेवू नका, खाऱ्या पाण्यात ते काही दिवसांत सुटतात आणि बॉक्स रात्री तिरका होऊन मासा मोकळा होतो. काचेच्या कडेवर अडकणारे हूक असलेला घ्या. झाकण लागतंच, क्लाउन उडी मारतो. बॉक्स पंपाच्या थेट झोतात नको, पण पाणी हलतं हवं. आत पीव्हीसी पाइपचा एक एल्बो (वाकडा तुकडा) टाका, आडोशाला. उरलेलं खाणं पाच मिनिटांत पिपेटने काढा.

जागा: टँकच्या मध्ये, छोट्याला समोर दिसेल अशी. दुसऱ्या टँकमध्ये किंवा सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकू नका. एकमेकांना दिसले नाहीत तर ओळखच तुटते आणि मग परत पहिल्यापासून सुरुवात.

मुदत: सात ते दहा दिवस, चौदाच्या पुढे नाही. यालाही कारण आहे. वर मादी नसली की नर स्वतः मादी व्हायला लागतो. ते पूर्ण व्हायला आठवडे-महिने लागतात, पण वागणं त्याआधी बदलतं. महिनाभर एकटा राहून शिरजोर झालेला नर परत थरथरेलच असं नाही.

आड उभी करायची असेल तर ती मादी बॉक्समध्ये असतानाच करा. तिच्या डोळ्यांदेखत, पण तिच्या तोंडाबाहेर.

लाटा

मध्येच विचारतो. काचेला बाहेरून आरसा लावला की मोठा आरशाशी भांडतो आणि छोट्याला सोडतो असं ऐकलंय. आणि हे सगळं मरूनच्या जोडीलाही लागू आहे का?

प्रवाळ

आरसा नको. आरशातला मासा थरथरत नाही. ती जितकी जोर लावते तितकाच तो लावतो, त्यामुळे हल्ला संपतच नाही. ती तापलेलीच राहते आणि आरसा काढला की समोर पहिला छोटाच सापडतो.

मरूनला तत्त्व तेच, पण सगळं दुप्पट कडक. मादी नराच्या दुपटीहून मोठी होऊ शकते, आणि थरथरूनही मारणाऱ्या मरून माद्या आहेत. दोनशे लिटरच्या खाली जोडी ठेवूच नये, आणि जोडी लावताना दोघांच्या आकारात भरपूर फरक हवा. क्लार्की आणि टोमॅटो या क्लाउनच्या जाती ऑसिलॅरिस आणि मरून यांच्या मधे कुठे तरी.

शिंपला

दगड हलवला, आड उभी केली, हीटरला जाळी लावली. चार दिवसांत फरक असा: उजवीकडचा त्रास जवळजवळ बंद, पंधरा मिनिटांत ११ वरून ५. पण छोटा अजून सहसा आड ओलांडत नाही, आणि ओलांडली की चावा बसतोच. म्हणून आज मादीला डब्याने पकडून बॉक्समध्ये टाकलं. पहिला तासभर ती काचेवर धडका देत होती. सात दिवस की दहा, हे ठरवायचं कशावरून? आणि ती आत असताना अंडी घातली तर?

रात्रपाळी

नर शेजारी नसेल तर शक्यता कमी. घातली तरी ती फलित होणार नाहीत, आणि मादी बहुधा खाऊन टाकेल. बॉक्स उघडू नका.

पुढे जोडी जमून अंडी आली तर लक्षात ठेवा: घातली तेव्हा नारिंगी, फुटायच्या आधी पिल्लांचे चंदेरी डोळे दिसतात, २६-२७ अंशांना साधारण आठवडाभर ते दहा दिवस. तोवर पंख्यासारखे पर हलवत राखण करणारा नरच असतो, आणि दोघंही तुमच्या हाताला चावतील. तेवढे दिवस काच साफ करायची तर लांब दांड्याच्या पट्टीने, अ‍ॅनिमोनच्या बाजूला न जाता.

प्रवाळ

दिवस मोजू नका, बॉक्सची भिंत बघा.

पहिले दोन-तीन दिवस छोटा बॉक्सच्या जवळ जाणार नाही आणि ती जिथे दिसेल तिथे भिंतीवर धडकेल. मग तो अ‍ॅनिमोन शोधेल. चौथ्या-पाचव्या दिवशी, बहुधा खाण्याच्या वेळी, तो बॉक्ससमोरून जाईल. तिथे नीट बघा. ती भिंतीशी आली आणि तो बाहेर, काचेपलीकडे, कलून थरथरला, तर हिशेब जुळलाय. त्यावर ती धडकली तर अजून थांबा. त्याने थरथरावं आणि तिने नुसतं वळून जावं, असं सलग दोन दिवस, दोन्ही वेळच्या खाण्याला दिसलं की उघडायचं. सहाव्या दिवशी दिसलं तर सहाव्या दिवशी. चौदाव्यापर्यंत नाहीच दिसलं तर तिला दुसऱ्या टँकमध्ये कायमचं हलवा, आणि याच्याजवळ त्याच्यापेक्षा बराच लहान, अजून नर-मादी काहीच न झालेला मासा आणा. मादी मग हा होईल.

उघडायची वेळ दिवे मालवण्याच्या अर्धा तास आधी, दोघांना पोटभर खायला घालून. झाकण काढा, बॉक्स थोडा तिरका करा आणि मागे सरका. तिला हाताने ढकलू नका, स्वतःहून निघाली की घाईत नसते. अर्धा तास बघा. पाठलाग होईल, एखादा चावाही बसेल, त्याने घाबरून तिला पुन्हा उचलू नका. रिकामा बॉक्स मात्र जागेवरच राहू द्या. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आधी आहे: अंधुक उजेडात दोघं कुठे झोपलेत ते बघा. एकाच बाजूला असतील तर बॉक्स काढून धुऊन ठेवा.